पळणाऱ्या पोरांच्या मागे

सुट्टीवर पिंपळगाव रेणुकाईला आलो की चहाच्या टपरीवर कुणीतरी हमखास विचारायचं, "नामदेवराव, किती दुश्मन मारले?"

"एकबी न्हाई. पोरांची लघवी तपासतो."

लोक हसायचे. त्यांना वाटायचं, मी मोठ्या पराक्रमाची गोष्ट लपवून राह्यलोय. पण मी खरं तेच सांगत होतो. फौजेत मी नर्सिंग असिस्टंट होतो, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत कंपाउंडर म्हणा. नोकरीतली बहुतेक वर्षं रिक्रूट ट्रेनिंगच्या केंद्रातच गेली. अठरा-एकोणीस वर्षांची पोरं तिथं येतात आणि काही महिन्यांनी शिपाई होऊन बाहेर पडतात. तिथं दुश्मन नसतो, गोळीबार असतो तो सरावाचा. तरीही तिथं पोरं मरतात. फार नाही, कधीतरी एखादं. आणि जे मरतं ते आळशी, कामचुकार पोर नसतं. कामचुकार पोर वेळेवर खाली बसतं. मरतं ते जीव तोडून पळणारं.

हे धंद्यातलं आधी समजावून सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. माणूस पळायला लागला की अंगात इंजिनासारखी उष्णता तयार होते. ती बाहेर काढायचं काम घाम करतो. पण घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळला पाहिजे. जालन्याच्या मे महिन्यातलं ऊन भयंकर असतं, पण हवा कोरडी असल्यामुळे घाम वाळतो तरी. खरी भीती भादव्यातल्या ढगाळ सकाळची. वारा पडलेला, हवा चिकट, अंगावरून घामाच्या धारा, आणि त्यातला थेंबही वाळत नाही. लोक सूर्य बघून घाबरतात. मी झाडाचं पान हलत नसलं की घाबरायचो.

लघवीचंही तसंच. लिंबाच्या सरबतासारखी असली तर ठीक. करडईच्या तेलासारखी झाली की पोराला पाणी पाजायचं आणि बसवायचं. काळ्या चहासारखी दिसली तर मात्र डॉक्टरकडे पळायचं, कारण मांसपेशी फुटून त्यांचं विष मूत्रपिंडात उतरायला लागलेलं असतं. उस्तादानं, म्हणजे कवायत शिकवणाऱ्यानं, शिक्षा म्हणून शेकड्यांनी बैठका काढायला लावल्या की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असा काळा चहा यायचा. नडगी दुखते म्हणणाऱ्या पोराच्या हाडावरून मी एक बोट फिरवत न्यायचो. सगळीकडे सारखं दुखलं तर थकवा. बोटाच्या एकाच पेरापुरतं ठणकलं आणि त्या पायावर लंगडी घालता आली नाही, तर हाडाला चीर.

एवढं सगळं येत असूनही माझी खरी अडचण वेगळीच होती. रिक्रूट खोटं बोलतो. ताप लपवतो, जुलाब लपवतो, चिरलेल्या हाडावर पट्टी आवळून पळतो. कारण आजारपणात दिवस गेले की त्याला मागच्या तुकडीत ढकलतात. त्याला आम्ही रेलिगेट होणं म्हणायचो. गावाकडे त्याचा अर्थ एकच होतो, पोरगं नापास झालं. मरणापेक्षा त्या शब्दाला पोरं जास्त भ्यायची.

भागवत नावाचा एक रिक्रूट तसाच भ्यालेला होता. तो अंबड तालुक्यातला, मी भोकरदन तालुक्यातला. दूरच्या मुलखात आपल्या जिल्ह्याचा माणूस भेटला की भाऊच भेटल्यासारखं होतं. तो मला 'नामदेवदादा' म्हणायचा. बाकीच्या पोरांच्या बोलण्यात तिथं हिंदी घुसायची, हा मात्र माझ्याशी चक्क आपल्या गावाकडचं बोलायचा.

लांब पळण्याच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तो दवाखान्यात आला. "दादा, सकाळपून पाच-सहा खेपा झाल्या. गोळी द्या जराशी."

मी म्हणालो, "गोळी देतो, पण नाव सिक रिपोर्टला लिहितो. उद्या पळू नको."

"न्हाई दादा, नाव नका लिहू. मंग मला मागं ढकलतील. दिवाळीला बाप येणार हाये कसम परेडला, माझी शपथ बघाया. त्याला काय सांगू?"

मी त्याची जीभ बघितली, नाडी बघितली. चेहरा तसा बरा होता. मी त्याला मीठ-साखरेचं पाणी पाजलं, गोळ्या दिल्या आणि नाव लिहिलं नाही. बस, एवढंच केलं मी. वीस वर्षांच्या नोकरीत किती नावं लिहिली ते आठवत नाही. न लिहिलेलं हे एकच नाव आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढग होते. पान हलत नव्हतं. भागवत शेवटच्या टप्प्यात पडला. उठून उभा राहिला, पुन्हा पळाला, पुन्हा पडला. आम्ही त्याला सावलीत निजवलं, तोंडावर पाणी मारलं. मी काखेत थर्मामीटर लावलं तर ताप फार दिसला नाही. मग गाडी आली, त्यात घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. या सगळ्यात पाऊण तास गेला. तेव्हा मला एक गोष्ट माहीत नव्हती, ती आमच्या डॉक्टरसाहेबांनी नंतर शिकवली. घामानं भिजलेली काख आतली उष्णता लपवते. अशा माणसाचा ताप गुदद्वारातूनच बघायचा. आणि गाडीची वाट बघत बसायचं नाही. तो पडला तिथंच त्याला मानेपर्यंत थंड पाण्यात घालायचं. मेंदू, काळीज, मूत्रपिंड आतल्या आत शिजत असतात, आणि हातात जेमतेम अर्धा तास असतो. आम्ही तो रस्त्यात घालवला.

भागवत दुसऱ्या दिवशी गेला.

जिल्हा एक म्हणून पेटीबरोबर मलाच पाठवलं. त्याचे वडील, सर्जेराव, उंबऱ्याबाहेर उभे होते. सगळं उरकल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "तुमी तिथंच व्हते ना? आजारी बिजारी व्हता का त्यो?"

मी म्हणालो, "न्हाई. बराबर व्हता. एकदम झालं."

त्यांनी मान हलवली. नंतर येईल त्याला ते तेच सांगत राहिले, "बराबर व्हता म्हणे. एकदम झालं." मी जोडे घालून बसस्टँडकडे निघालो तरी ते शब्द पाठीमागून ऐकू येत होते.

त्यानंतर मी नोकरीत बदललो. वाईट सवय लागली म्हणा. पळायला गेलेल्यांना मोजायचं, परत आलेल्यांना मोजायचं, आकडा जुळेपर्यंत चहा पिववत नसे. दर परीक्षेच्या रस्त्यावर बर्फाच्या लाद्या आणि पाण्याचे मोठे टब ठेवायला लावले. उस्ताद लोक चिडवायचे, "डॉक्टर, लग्नाचा मांडव घातलाय का?" मी चिडवून घ्यायचो. पोरांची नावं बिनदिक्कत लिहायचो. कित्येक पोरं मागं ढकलली गेली. त्यातली काही मला शिव्या देत गेली असतील.

रिटायर होऊन आलो आणि पहिल्या महिन्यातच अंबडची बस धरली. सर्जेराव कापसाच्या रानात होते. आम्ही बांधावर बसलो आणि मी जुलाबाचं, गोळ्यांचं, न लिहिलेल्या नावाचं सगळं सांगितलं. मला वाटलं, आता उठतील, मारतील. मारायला पाहिजे होतं.

ते म्हणाले, "नाव लिवलं असतं तर रुसला असता तुमच्यावर."

"रुसला असता."

"रुसू द्यायचा व्हता मंग." एवढंच बोलले. मग उठून पुन्हा कापूस वेचायला लागले. मी निघून आलो.

भोकरदनला सुभेदार रंगनाथ लोखंडे यांनी तेव्हा भरतीपूर्व प्रशिक्षण शिबिर सुरू केलं होतं. ते माझ्याआधी दोन वर्षं रिटायर झालेले. अंगानं शिसवीसारखे, मिशा पांढऱ्या, पहाटे पाचला शिट्टी वाजली की कुत्रीसुद्धा सरळ रांगेत जातील असा दरारा. तालुक्यातली चाळीसेक पोरं त्यांच्याकडे पळायला, उड्या मारायला यायची. त्यांनी मला बोलावलं. मी माझ्या अटी सांगितल्या: नवीन पोरगं पहिले दोन आठवडे हळूहळू वाढवायचं, दर टप्प्याला पाणी, ताप असलेला पळणार नाही, आणि ज्याला मी थांबवीन तो थांबेल, त्यात सुभेदार बोलणार नाहीत.

"तुमी काय पोरांना फौजेत पाठवून राह्यले का सासरी?" ते म्हणाले. पण अटी मान्य केल्या.

मी जुनी लुना घेतली. मागं पाण्याचा कॅन, पिशवीत थर्मामीटर आणि व्हॅसलीनची डबी. पोरं पळायची आणि मी त्यांच्या मागून लुनावर फटफट करत जायचो. सगळे मला मामा म्हणायचे. थर्मामीटर कुठे लावतात ते कळल्यापासून पोरं माझ्या पिशवीकडे फार आदरानं बघायची. ताप लपवणाऱ्याला मी नुसती पिशवी दाखवली तरी तो खरं बोलायचा.

अनिस मात्र बोलला नाही. अनिस म्हणजे गाद्या भरणाऱ्या रहीमभाईंचा थोरला. शिबिरातला सगळ्यात चांगला पळणारा. त्या दिवशी आठ किलोमीटरची दौड होती. पहाटे साडेपाचला सुटायची. पण झेंडा दाखवायला एक पाहुणे यायचे होते आणि ते आले सव्वाआठला. भाषण झालं, हार झाले. मे महिन्याचं ऊन मानेवर आलं होतं.

मी सुभेदारांना म्हणालो, "आज रद्द करा."

"पाहुण्यासमोर?"

"मंग निम्मी करा."

त्यांनी पाहुण्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "निम्मी." मला तेव्हाच अडून बसायला पाहिजे होतं. पण निम्मी तरी झाली, एवढ्यावर मी समाधान मानलं. माणूस एकदा चुकून शिकतो म्हणतात, ते पूर्ण खरं नाही.

जालना रस्त्यानं पोरं निघाली. मी मागून. वळण घेऊन पुढची पोरं परत यायला लागली. मी मोजत होतो. अनिस पहिल्या दोघांत असायचा, पण पहिली दहा गेली तरी तो दिसला नाही. लुना जोरात पुढे काढली. रस्त्याच्या डाव्या हाताला नांगरलेल्या रानात एक पोरगं ढेकळांतून वाकडंतिकडं पळत होतं. रस्ता सोडून, भलत्याच दिशेला.

मी हाक मारली. तो वळला. डोळे उघडे होते, पण बघत नव्हते.

"नाव काय तुझं?"

"कदमताल," तो म्हणाला, कवायतीतला हुकूम दिल्यासारखं. मग मला एक घाणेरडी शिवी दिली. अनिसच्या तोंडून मी कधी साधा 'अबे' ऐकला नव्हता. मी हात धरायला गेलो तोवर तो कोसळला.

नशीब असं, की शंभर पावलांवर विहीर होती आणि विहिरीजवळ जनावरांचा सिमेंटचा हौद. मागून आलेल्या तिघा पोरांनी त्याला उचललं. हौदात गुडघाभर पाणी होतं, आणि मोटार लावावी तर लाइट गेलेली. तिथं एक बाई भांडी घासत होती. मी ओरडलो, "बाई, बादली टाका विहिरीत, जितकं निघंल तितकं पाणी काढा." तिनं काही विचारलं नाही. पदर खोचला आणि रहाटाला भिडली. पोराला हौदात निजवण्याआधी मी पिशवी उघडली. पारा एकशे आठच्या जवळ होता. पोरांना कळू नये म्हणून मी थर्मामीटर लगेच खिशात घातलं.

मानेपर्यंत पाण्यात घातला. मी डोकं धरून बसलो, पोरं हातपाय चोळत होती, पाणी ढवळत होती, बाई बादलीवर बादली ओतत होती. एवढ्यात सुभेदार जीप घेऊन आले.

"गाडीत टाका याला. जालन्याला न्या जल्दी."

मी म्हणालो, "आधी गार होऊ द्या. मंग न्या."

"नामदेवराव, पोरगं मरून राह्यलंय इथं."

"गाडीत घातलं तर वाटेत मरंल. मी असा एक नेलाय गाडीतून."

त्यांना भागवतचं काही माहीत नव्हतं. ते जीपमधून उतरले आणि पोराला उचलायला वाकले. मी त्यांचा हात धरला. ते सुभेदार, मी हवालदार. वीस वर्षांत वरच्या हुद्द्याच्या माणसाचा हात मी कधी धरला नव्हता. "अटीत काय ठरलं व्हतं साहेब?" मी विचारलं. मग त्यांनी बूट न काढता हौदात पाय टाकला आणि दुसऱ्या बाजूनं अनिसला सावरून धरलं. "किती येळ?" त्यांनी विचारलं.

"वीस मिनिटं."

ती वीस मिनिटं मला अजून झोपेत येतात. अनिसला एकदा झटका आला, एकदा उलटी झाली. मी तोंड एका कुशीवर धरलं. मनात सारखं येत होतं, मी चुकत असलो तर? डॉक्टर नाही मी. उद्या लोक म्हणतील, कंपाउंडरनं गुरांच्या हौदात बुडवून मारला. रहीमभाईंना काय सांगणार? दर पाच मिनिटांनी पारा बघत होतो. एकशे सहा. एकशे पाच. मधे एकदा उतरायचाच थांबला. बाईनं शेजारच्या झोपडीतून माठ आणवला आणि त्यातलं गार पाणी त्याच्या छातीवर सोडलं. मग एकशे तीन झाला.

आणि अनिसचे दात वाजायला लागले. डोळे आता बघत होते. "मामा," तो म्हणाला, "थंडी वाजून राह्यली."

जालना जिल्ह्यात, मे महिन्यात, सकाळी साडेनऊ वाजता. सुभेदार माझ्याकडे बघून हसायला गेले आणि त्यांचं तोंड भलतंच वाकडं झालं. त्यांनी लगेच ओल्या हातानं मिशा पुसल्या.

मग मात्र जीपनं जालन्याला नेलं. डॉक्टरांनी सलाईन लावलं, रक्त तपासलं, तीन दिवस ठेवून घेतलं. मूत्रपिंड वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी अनिसनंच कबूल केलं: दोन दिवस ताप होता, मेडिकलमधून सर्दीच्या गोळ्या आणून खाल्ल्या होत्या, मला सांगितलं असतं तर थांबवलं असतं म्हणून सांगितलं नाही. रहीमभाई खाटेच्या पायथ्याशी बसून होते. ते म्हणाले, "हौद में डुबाया बोले तो मैं पहले डर गया था, भाई." मी म्हणालो, "मीबी."

डॉक्टरांनी बजावलं, दोन-तीन महिने पळायचं नाही. एकदा असं झालेल्या माणसाला उष्णता पुन्हा लवकर धरते. आणि औरंगाबादची भरती तीन आठवड्यांवर होती. मी अनिसला सांगितलं, "औंदा न्हाई. वय हाये तुझं अजून." तो भिंतीकडे तोंड करून निजला. घरी गेल्यावरही माझ्याशी बोलेना. मी त्यांच्या दुकानावरून गेलो की आत निघून जायचा.

भरतीच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास रहीमभाई शिबिरावर आले. "अनिस इकडं आलाय का?"

पोरगं पहाटेच्या बसनं औरंगाबादला गेलं होतं, कुणालाही न सांगता.

तेव्हा मोबाइल नव्हते. भरतीच्या मैदानावर आमच्या ओळखीचं कुणी नव्हतं. सुभेदारांनी एसटीडी बूथवरून दोन-तीन ठिकाणी फोन लावले, काही लागलं नाही. गाडी काढून जावं तर पोहोचेपर्यंत दौड होऊन जाणार. मी भोकरदनच्या बसस्टँडवर जाऊन बसलो. दुपारी सुभेदार आले, शेजारी बसले. रहीमभाई उभेच होते. औरंगाबादची प्रत्येक बस आली की आम्ही तिघं उठायचो. बाया उतरायच्या, गाठोडी उतरायची, भरतीला गेलेली इतर पोरंही उतरली. "अनिस दिसला का रे?" "सकाळी लाइनीत दिसला व्हता मामा. मंग न्हाई." एका गाडीचा कंडक्टर उतरून सरळ आमच्याकडे यायला लागला, तेव्हा मी रहीमभाईंचा दंड धरला. तो पलीकडच्या टपरीवर चहा प्यायला चालला होता.

दिवस कलताना आलेल्या बसमधून अनिस उतरला. स्वतःच्या पायावर. बूट गळ्यात अडकवलेले, हातात पाण्याची बाटली. रहीमभाईंनी त्याला एक थोबाडीत दिली आणि त्याच हातानं जवळ ओढून घेतलं. मग डोळे पुसायला नळाकडे गेले. सुभेदारही काहीतरी निमित्त काढून त्यांच्या मागं गेले.

अनिस माझ्यासमोर येऊन उभा राहिला. महिन्याभरात पहिल्यांदा बोलला.

"नापास झालो मामा."

"पडला का?"

"न्हाई. तिसऱ्या चक्करला डोकं हलकं वाटाया लागलं. कानात तसंच वाजाया लागलं, त्या दिवसावानी. मंग मीच लाइन सोडली. सावलीत बसलो. डोक्यावर पाणी ओतून घेतलं. लई येळ उठलोच न्हाई, म्हणून दोन बशी गेल्या."

त्या शिबिरातून पुढं पुष्कळ पोरं भरती झाली, दुसऱ्या वर्षी अनिसही झाला. पेढे खाल्ले, हार घालून घेतले. पण खरं सांगतो, कुणाच्या पास होण्यानं माझा जीव असा भांड्यात पडला नाही, जसा त्या दिवशी त्याच्या नापास होण्यानं पडला. मला ते त्याला सांगता आलं नाही. मी बाटली घेतली, उरलेलं पाणी त्याला प्यायला लावलं.

नळाकडून दोघं परत यायला लागले. अनिसनं खालच्या आवाजात विचारलं, "मामा, एक काम कराल? मी मधीच थांबलो हे सुभेदारसाहेबांना सांगू नका. मोहल्ल्यात तर बिलकुल नको."

"मंग काय सांगू?"

त्यानं जरा विचार केला. "उंची कमी पडली म्हणा."

भोकरदनमध्ये त्याच्याहून उंच पोरगं त्या वर्षी तरी नव्हतं. बसच्या दारातून उतरताना तो वाकूनच उतरला होता.

मी म्हणालो, "सांगतो."